बिनकिनाऱ्याच्या बिदरचे घोडे आणि तोफा

बहमनी सुलतानांच्या दोन्ही राजधान्या, आधीची गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि नंतरची बिदर, समुद्रापासून फार दूर पठारावर वसलेल्या आहेत. दाभोळपासून बिदर सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरांहून लांब पडते, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही या दोन शहरांतून चाललेल्या राज्याचे लष्करी बळ समुद्रावर अवलंबून होते. फौजेतला चांगला घोडा इराण-अरबस्तानातून गलबतात बसून येई. दारूगोळ्याचे काम जाणणारे अनेक कारागीरही त्याच वाटेने आले. जनावर आणि हत्यार जहाजावर चढवायचे कोणी, उतरवायचे कोणत्या बंदरात आणि त्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नांवर सुमारे दोनशे वर्षे दख्खनचे राजकारण फिरत राहिले. आजच्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांचा मध्ययुगीन इतिहास किल्ले, घुमट आणि दर्ग्यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. बंदराच्या अंगाने तो क्वचितच वाचला जातो.

घोडा बाहेरून का आणावा लागे, याचे उत्तर हवामानात आणि चाऱ्यात आहे. दख्खनमध्ये काटक तट्टे होती, पण चिलखत घातलेल्या स्वाराला घेऊन दौडणारे उंच घोडे इथे पुरेशा संख्येने पैदा होत नसत. आलेला घोडाही फार काळ टिकत नसे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलोने दक्षिणेतल्या घोड्यांच्या मृत्यूचे कारण देताना हवामानापेक्षा देखभालीच्या अज्ञानावर जास्त भर दिला आहे. नालबंद आणि सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, इकडे येऊ नयेत याची काळजी घोड्यांचे व्यापारीच घेतात, असे तो म्हणतो. मेलेल्या घोड्यामागे नवा घोडा विकला जाई, तेव्हा त्याचा संशय अगदीच निराधार नसावा.

या व्यापाराची जहाजे कशी होती, हेही पोलोनेच लिहून ठेवले आहे. होर्मुझची गलबते खिळ्यांनी ठोकलेली नसत. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू, आणि वर पाटातन नाही. माल भरून झाला की त्यावर कातडी पसरत आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करून हिंदुस्थानला नेत. खवळलेल्या समुद्रात उघड्या गलबतावर उभ्या जनावरांचे काय होत असेल, ते सांगायला नको. पोलोला ही गलबते धोक्याची वाटली, आणि त्यातली बरीच बुडतात असेही त्याने नोंदवले.

समुद्रावर लुटारूंचे भय होतेच, आणि लुटीतही घोड्याचा मान वेगळा होता. ठाण्याच्या राजाने चाच्यांशी करार केल्याची हकीकत पोलो देतो: पकडलेल्या जहाजातले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. राजाला घोडे मिळवण्याचा हा मार्ग बाजारापेक्षा स्वस्त होता.

अशा पाण्यातून जाताना जहाजावर शस्त्रे आणि शिपाई ठेवणे भागच होते. त्याचा नेमका तपशील इब्न बतूताच्या वृत्तांतात सापडतो. मुहम्मद तुघलकाने चीनच्या बादशहाला पाठवलेला नजराणा घेऊन तो 1342 मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरून निघाला. नजराण्यात घोडेही होते. त्यातले सत्तर एका जहाजावर चढवले, उरलेले दुसऱ्यावर. पहिल्या जहाजावर पन्नास वल्हेकरी आणि पन्नास हबशी लढवय्ये होते. या समुद्रावर हबशी म्हणजे सुरक्षिततेची हमी, एक जरी जहाजावर असला तरी चाचे वाटेला जात नाहीत, असे बतूता सांगतो. हेच हबशी पुढे दख्खनच्या दरबारांत सरदार झाले. बिदर शहराबाहेरच्या ज्या टेकाडावर त्यांच्या कबरी आहेत त्याला आजही हबशी कोट म्हणतात.

1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले तेव्हा गुलबर्ग्याच्या सुलतानापुढे घोड्यांचा प्रश्न आणखी कठीण झाला. उत्तरेकडून, खुष्कीच्या मार्गाने येणारे घोडे दिल्लीच्या मर्जीवर अवलंबून, आणि दिल्लीशी तर फारकत झालेली. दक्षिणेला विजयनगर हा तोलामोलाचा गिऱ्हाईक. उरला तो कोकण किनारा. चौल आणि दाभोळ ही बंदरे म्हणून बहमनींच्या जिव्हाळ्याची होती. फिरोजशहा बहमनी (1397–1422) दरवर्षी गोवा आणि चौलहून जहाजे पाठवी, ती देशोदेशीच्या उत्तम वस्तू आणि विद्वान माणसे घेऊन येत, असे इतिहासकार फिरिश्ता म्हणतो.

घोड्यांचा व्यापारी दरबारात किती वर चढू शकत होता, याचे उदाहरण याच मुलखात घडले. फिरोजशहाच्या अखेरच्या दिवसांत त्याचा भाऊ अहमदखान जीव वाचवून गुलबर्ग्याहून पळाला. बसऱ्याचा व्यापारी खलफ हसन त्याच्या सोबतीला होता. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या परिसरात त्यांना धान्य वाहणाऱ्या वणजाऱ्यांचा दोन हजार बैलांचा तांडा आणि लाहोरकडून तीनशे घोडे घेऊन आलेले व्यापारी भेटले. खलफ हसनने जनावरे ताब्यात घेतली, घोड्यांवर माणसे बसवली, बैलांवर निशाणे चढवली आणि दुरून मोठी फौज चालून येत असल्याचा देखावा उभा केला. समोरचे सैन्य बिचकले, अहमदखान जिंकला आणि 1422 मध्ये गादीवर आला. ही फिरिश्ताची कथा आहे, तिला मीठमसाला लागलेला असणारच. पण नव्या सुलतानाने खलफ हसनला दिलेला किताब मात्र इतिहासात पक्का आहे: मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा मुख्य. व्यापारात मुरलेल्या माणसाकडे फौजेची सूत्रे देणारा हा दरबार होता. याच अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली.

तोच किताब पुढे महमूद गावानला मिळाला. इराणच्या गिलान प्रांतातला हा व्यापारी 1453 च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरला आला. पुढे तो राज्याचा मुख्य वजीर झाला. बिदरमध्ये 1472 चा त्याचा मदरसा अजून उभा आहे, त्याच्या दर्शनी भागावरच्या निळ्या-पिवळ्या फरशांचे अवशेष पाहायला लोक येतात. त्याच सुमारास त्याने पार पाडलेली कोकणची मोहीम मात्र मदरशापेक्षा राज्याच्या जास्त कामाची होती. खेळण्याचा, म्हणजे आजच्या विशाळगडचा शंकरराय आणि संगमेश्वरचा राजा घाटवाटा अडवून बसले होते. त्यांची गलबते मुसलमान व्यापाऱ्यांची आणि यात्रेकरूंची जहाजे लुटतात, अशी बिदरची तक्रार होती. 1469 ते 1472 या काळात गावानने हे किल्ले घेतले आणि फेब्रुवारी 1472 मध्ये गोवाही विजयनगरकडून जिंकला. गोवा म्हणजे विजयनगरच्या घोड्यांचे एक मोठे दार होते. व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेल्या माणसाला बंदराची किंमत शिकवावी लागली नाही.

याच वर्षांत, 1470 च्या आसपास, एक रशियन माणूस घोडा घेऊन जहाजात चढला आणि पायपीट करत बिदरला पोहोचला. त्व्हेर शहराचा अफनासी निकितिन हा छोटा व्यापारी होता. व्होल्गाच्या मुखाशी तो लुटला गेला, आणि डोक्यावर कर्ज असल्याने रशियाला परतण्याची सोय नव्हती, म्हणून बाकू, इराण करत होर्मुझला आला. होर्मुझला प्रत्येक मालावर दहावा हिस्सा जकात पडे. हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत असे ऐकून त्याने एक घोडा घेतला. तो आपल्याला शंभर रूबलना पडला, असे तो लिहितो. मग घोड्यासह गलबतात बसून मस्कत, गुजरात, खंबायत असा किनाऱ्या-किनाऱ्याने तो चौलला उतरला.

निकितिनच्या नोंदी खाजगी आहेत. कोणा राजाला सादर करण्यासाठी त्या लिहिलेल्या नाहीत. म्हणून एका घोड्याचा सागरी प्रवास आणि त्यानंतरचे हाल यांचा असा हिशेब दुसरीकडे सहसा मिळत नाही. चौलहून आठ दिवसांनी पाली, तिथून दहा दिवसांनी उमरी, मग सहा दिवसांनी जुन्नर. जुन्नरला पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल. त्यात जुन्नरचा सुभेदार असदखान याने घोडाच काढून घेतला. मालक मुसलमान नसून रशियन आहे, हे त्याला कळले होते. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही बदललास तर घोडाही जाईल आणि हजार नाणी दंडही बसेल, असा त्याने पेच टाकला. मुदत चार दिवसांची होती. खुरासानचा एक ख्वाजा मुहम्मद तिथे आला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. बंदरात जकात भरून उतरवलेले जनावरही वाटेतल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि परक्याला तर दाद मागायला जागाच नसे.

निकितिनने घोडा अखेर बिदरमध्ये नाताळच्या सुमारास विकला. वर्षभर त्याला पोसायला अडुसष्ट नाणी खर्च झाली, हाही आकडा त्याने टिपून ठेवला. इथे घोड्यांना हरभरा घालतात, साखर आणि तूप घालून खिचडी शिजवून देतात, असे त्याने नवलाने लिहिले. वाळलेल्या गवतावर घोडे पोसणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला ही चैनच वाटली असणार; पण परक्या हवेत जनावर जगवण्याचा तो पागेतला शिरस्ता होता. बिदरच्या बाजारात घोडे, रेशमी कापड आणि काळे गुलाम विकले जातात, अशीही त्याची नोंद आहे. समुद्रावरून आलेली माणसे आणि समुद्रावरून आलेली जनावरे एकाच बाजारात उभी होती.

बिदरहून बारा कोसांवर दरवर्षी दहा दिवस एक मोठी जत्रा भरते, साऱ्या हिंदुस्थानातले लोक तिथे व्यापाराला येतात आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला आणतात, असे निकितिन सांगतो. शेख अलाउद्दीन या पिराच्या स्मरणार्थ ती भरे. कोस म्हणजे दहा रशियन व्हर्स्ट असा त्याचा हिशेब असल्याने बारा कोस म्हणजे सव्वाशे किलोमीटरांच्या घरातले अंतर होते. गावाचे नाव आणि पिराचे नाव जुळवून हा बाजार कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदचा मानतात, जिथे लाडले मशायख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अलाउद्दीन अन्सारींचा दर्गा आहे. वीस हजार हा आकडा प्रवाशाच्या अंदाजाचा आहे, मोजदादीचा नाही. तरी आळंदसारख्या गावी भरणाऱ्या बाजाराला त्याने हिंदुस्थानातला सर्वांत चांगला बाजार म्हटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परतीच्या वाटेवर दाभोळबद्दल लिहिताना त्याने सारी साखळी एका वाक्यात बांधली: मिसर, अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तान इथले घोडे दाभोळला उतरतात आणि खुष्कीने महिनाभराच्या चालीने बिदर आणि गुलबर्ग्याला जातात.

प्रतिस्पर्धी विजयनगरचे राजे याच घोड्यांसाठी काय काय करत, ते पोर्तुगीज लेखकांनी टिपले आहे. फेर्नाव नुनीझ सांगतो की, साळुव नरसिंहाने होर्मुझ आणि एडनचे घोडे हजार पर्दाव नाण्यांना तीन या दराने, जिवंत असोत की मेलेले, विकत घेतले. समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी तो जिवंत घोड्याचे पैसे मोजी. वरकरणी हा वेडेपणा वाटतो. प्रत्यक्षात तो व्यापाऱ्याला दिलेला सागरी विमा होता: जोखीम राजाची, मग माल दुसऱ्या बंदरात का न्यावा? दुसऱ्या टोकाला जबरदस्तीही होती. भटकळच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी घोडे बहमनींना विकले म्हणून विजयनगरच्या राजाने त्यांची कत्तल करवली आणि वाचलेले लोक गोव्यात जाऊन राहिले, असे जुआव द बारुश या इतिहासकाराने नोंदवले आहे. त्याने दिलेले वर्ष 1479. बिदरच्या पागेत पोहोचलेल्या काही घोड्यांची किंमत किनाऱ्यावर अशा रीतीने चुकवली गेली.

तोफांचा आणि बंदुकांचा प्रवेश इतका स्पष्ट नाही. मुहम्मदशहा बहमनी पहिला याने 1365–66 मध्ये विजयनगरविरुद्ध तोफखाना उभारला, त्यात रूमी (तुर्की) आणि फिरंगी गोलंदाज ठेवले, असे फिरिश्ता लिहितो. हे खरे मानले तर दख्खनमध्ये तोफ पोर्तुगीजांच्या सव्वाशे वर्षे आधी आली. पण फिरिश्ताने ग्रंथ लिहिला तो सतराव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या काळातला तोफखाना होता. चौदाव्या शतकात गुलबर्ग्याच्या फौजेत फिरंगी गोलंदाज असणे संभवत नाही. फिरिश्ता ज्याला ‘आतषबाजी’चा कारखाना म्हणतो त्यात बाण आणि जळते पदार्थ बनत असावेत, हे इतिहासकारांचे मत जास्त पटण्यासारखे आहे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र पुरावा घट्ट होतो. 1472–73 च्या बेळगावच्या वेढ्यात महमूद गावानने तटाखाली सुरुंग लावून दारूने भिंत उडवली, आणि ही युक्ती दख्खनमध्ये तोवर अपरिचित होती, असे फिरिश्ता म्हणतो. निकितिनने त्याच वर्षांत बिदरच्या सुलतानाची स्वारी डोळ्यांनी पाहिली: चिलखत घातलेले हत्ती, सुळ्यांना आणि सोंडेला बांधलेल्या जड तलवारी, पाठीवर लाकडी बुरूज आणि प्रत्येक बुरजात तोफा-बाण घेतलेली बारा माणसे. हत्तीवरच्या त्या ‘तोफा’ हातबंदुकीसारख्या लहान नळ्या असाव्यात. हे ज्ञान कोणत्या वाटेने आले? खुष्कीची वाट नाकारता येत नाही, पण बिदरच्या दरबारातले इराणी, तुर्क, अरब आणि हबशी लोक ज्या बंदरांतून आले, त्यांच्यापैकीच काहींच्या गाठोड्यात ते आले असण्याचा संभव सर्वांत मोठा.

जहाजावर तोफ चढवण्याची गोष्ट निराळी आहे. काथ्याने शिवलेल्या गलबताला तोफेचा धक्का सोसत नाही. बार केला की शिवण सैल होते. खिळ्यांनी ठोकलेल्या पोर्तुगीज जहाजांनी 1498 नंतर अरबी समुद्रात जो दरारा बसवला, त्याचे एक साधे कारण हे. मार्च 1508 मध्ये चौलपुढे मिसरच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा तिथे पडला. पुढच्याच वर्षी दीवला मिसरचे आरमार मोडले. उरलेल्या रूमी लोकांपैकी काही गोव्यात, तोवर बहमनींपासून फुटून निघालेल्या आदिलशाहीच्या आश्रयाला आले. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने 1510 मध्ये गोव्यावर झडप घातली त्यामागे ही धास्तीही होती. शहर हाती आल्यावर तिथल्या शस्त्रागारातल्या तोफा आणि बंदुका पाहून तो चकित झाला. गोव्याचे बंदूक बनवणारे युरोपच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत, असे त्याने आपल्या राजाला कळवले. बहमनींच्या या एकेकाळच्या बंदरात पोर्तुगीज येण्याआधीच ही कारागिरी रुजली होती.

यानंतर समुद्रावरची सारी व्यवस्था परवान्यावर आली. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ 1502 पासून सुरू झाला होता. त्यात जहाजाचे आणि नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, निघण्याचे आणि जाण्याचे बंदर, आणि जहाजावर किती हत्यारे आहेत हे लिहिलेले असे. संरक्षणापुरती शस्त्रे चालत. विक्रीसाठी शस्त्रे आणि दारूगोळा नेण्यास बंदी. मिरी आणि इतर मसाले पोर्तुगीजांनी स्वतःसाठी राखले. तुर्कांना घेऊन जाणे वर्ज्य. कार्ताझ नसलेले जहाज पकडून लुटायला ते मोकळे असत. घोड्यांच्या जहाजांना गोव्यालाच यावे लागे, आणि 1515 मध्ये होर्मुझही ताब्यात आल्यावर व्यापाराची दोन्ही टोके एकाच मुठीत गेली. घोड्यावरची जकात गोव्याच्या तिजोरीचे मोठे उत्पन्न बनली. कागदाच्या एका चिठोऱ्यावर जनावर, हत्यार आणि माणूस तिन्हींची मोजदाद करणारी ही पहिली व्यवस्था या किनाऱ्याने पाहिली. तिची कल्पना मात्र सर्वांनी उचलली. पुढे कोकणात मराठा आरमाराच्या आंग्र्यांची दस्तके निघाली, तेव्हा तक्रार करणाऱ्यांत युरोपीयच पुढे होते.

बिदरसाठी हे सारे हाताबाहेरचे होते. 1490 नंतर बहमनी राज्य फुटत गेले आणि बंदरे वाटली गेली: गोवा-दाभोळ आदिलशाहीकडे, चौल निजामशाहीकडे. बिदरमध्ये नामधारी सुलतान आणि खरी सत्ता बरीद घराण्याच्या वजिरांची. बरीदशाहीला एकही बंदर मिळाले नाही. पाच शाह्यांत ती सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळी का राहिली, याची कारणे सांगताना सहसा मुलूख आणि महसूल मोजतात. घोडा आणि तोफ दोन्ही शेजाऱ्याच्या दारातून आणावे लागत, हे कारणही त्यांत मोजायला हवे.

घोडा आणि बंदूक एकाच माणसाच्या हातून कशी आली, हे 1520 च्या रायचूरच्या वेढ्यात दिसते. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या छावणीत ख्रिस्तोवाव द फिगेरेदो हा पोर्तुगीज आला होता तो घोडे विकायला. त्याच्यासोबत बंदुका घेतलेले वीस पोर्तुगीज होते. तटावरून डोकावणाऱ्या शिबंदीला त्यांनी नेम धरून टिपले आणि खाली उभ्या माणसांना भिंत फोडण्याची संधी मिळाली, असा नुनीझचा वृत्तांत आहे. 1547 मध्ये पोर्तुगीजांनी विजयनगरशी केलेल्या तहात तर दोन्ही बाबी शेजारीशेजारी लिहिल्या गेल्या: गोव्याला उतरणारे घोडे विजयनगरला, आदिलशाहीला नाही, आणि विजयनगरचे लोखंड व सोरा पोर्तुगीजांना. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक.

पोर्तुगीजांच्या या मक्तेदारीवर दख्खनी राज्यांनी उपाय काढला तो परदेशी तोफ आणण्याऐवजी परदेशी ओतारी आणण्याचा. विजापूरच्या बुरजावर आज असलेली मलिक-ए-मैदान ही पंचधातूची अवाढव्य तोफ 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद रूमी याने ओतली. काही काळ ती परांड्याच्या किल्ल्यात होती. विजयनगरविरुद्धच्या 1565 च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याचा प्रमुखही रूमीखान होता. अखेरच्या बाराला त्याने गोळ्यांऐवजी तांब्याची नाणी भरली, असे फिरिश्ता लिहितो. त्या लढाईत बिदरचा अली बरीदशहाही आपली फौज घेऊन होता.

बिदर आणि गुलबर्ग्याच्या किल्ल्यांतल्या बहुतेक मोठ्या तोफा ओतीव नाहीत. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकत्र जुळवून वरून तापलेली कडी चढवून त्या घडवलेल्या आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या कल्पनेला इथल्या लोहारांनी दिलेले हे रूप. काहींवर फारसी लेख आहेत. गुलाम यझदानी यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिदरवरील ग्रंथात त्यांची बारकाईने नोंद घेतली आहे. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली बारा गझी तोफ 29 फूट लांबीची असून ती जगातली सर्वांत लांब तोफ असल्याचे स्थानिक लोक सांगतात. एवढी अजस्र तोफ एकदा बुरजावर चढवली की जागची हलत नाही. ती ना जहाजावर चढली असती, ना रणांगणावर गेली असती.

1619 मध्ये बिदर आदिलशाहीत गेले. मार्च 1657 मध्ये औरंगजेबाने ते घेतले, तेव्हा किल्ल्याचा रखवालदार सिद्दी मर्जान हा वयोवृद्ध हबशी होता. वेढ्यात एक जळता बाण तटामागच्या दारूच्या साठ्यात पडला. स्फोटात मर्जान आणि त्याची मुले होरपळली, आणि किल्ला पडला. मुघलांच्या हाती 230 तोफा लागल्या. त्यांचा बंदराशी संबंध केव्हाच संपला होता.

समुद्रमार्गे आलेल्या जनावरांत केवळ युद्धाचे घोडे नव्हते. परदेशी पशुपक्षी हा दरबारी नजराण्याचा मानाचा भाग असे. 1612 मध्ये मुघल अधिकारी मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पक्षी पाहून बादशहा जहांगीर इतका हरखला की त्याने त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. 1621 मध्ये हबशी देशातून आलेल्या झेब्र्यावर पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, म्हणून तो आधी घासून पाहिला गेला. अशा जनावरांपैकी किती वाटेत दगावत, हे इंग्रज पाद्री एडवर्ड टेरीच्या हकिकतीवरून कळते: जहांगीरसाठी इंग्लंडहून निघालेल्या थोराड कुत्र्यांपैकी दोनच दरबारापर्यंत पोहोचले, आणि एकाने तर डॉल्फिनसारख्या जलचरांचा कळप पाहून थेट समुद्रात उडी घेतली होती.

घोड्यांची आयात पुढे मंदावली. विजयनगर पडल्यावर मोठे गिऱ्हाईक गेले, गोव्याची जकात घसरली, आणि दख्खनमध्येच पैदास वाढली. आयात झालेल्या अरबी घोड्यांचा आणि इथल्या तट्टांचा संकर भीमेच्या खोऱ्यात झाला. त्यातून भीमथडी तट्टू तयार झाले: अंगाने लहान, कमी चाऱ्यावर राहणारे, डोंगरात न थकणारे. मराठ्यांच्या फौजा याच जनावरावर दौडल्या. खिचडी-साखर न मागणाऱ्या घोड्याने अरबी घोड्याची गरज बऱ्याच अंशी संपवली, आणि तीच नदी पुढे कलबुर्गी जिल्ह्यातून वाहते. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

हत्यारांच्या बाबतीत बंदर नसल्याची अडचण मात्र विसाव्या शतकात पुन्हा उभी राहिली. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रांच्या आयातीवर कडक बंधने आधीच आली होती. बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे ज्यात होते त्या हैदराबाद संस्थानाला चहूबाजूंनी दुसऱ्याचा मुलूख होता. 1947 नंतर भारतात विलीन होण्यास नकार देणाऱ्या निजामाच्या सल्लागारांनी गोव्यातल्या मुरगाव बंदरासाठी पोर्तुगालशी बोलणी करून पाहिली. ती फळली नाहीत. समुद्र मिळेना तेव्हा वाट आकाशातून काढली गेली. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन याने 1948 मध्ये कराचीहून रात्री विमानांनी शस्त्रे संस्थानात उतरवली; ज्या धावपट्ट्यांवर ती उतरली त्यांत बिदरचेही नाव घेतले जाते. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले आणि पाच दिवसांत संस्थान शरण आले. कॉटनवर पुढे इंग्लंडमध्ये खटला चालला आणि त्याला दोनशे पौंड दंड झाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बिदर आणि गुलबर्गा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि बिदरची धावपट्टी 1960 च्या दशकापासून भारतीय वायुदलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरली जाते.